सावतोबांच्या मळ्यातील मिरची

प्रास्ताविक



संतवाङ्मयाच्या अभ्यासात आपण संत सावता माळी यांचा परिचय करून घेतला आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे त्यांचे गाव, बागाईत हा त्यांचा व्यवसाय आणि इ.स. १२९५ (शके १२१७) हे त्यांचे समाधिवर्ष. मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारा त्यांच्या नावावरील अभंग महाराष्ट्रात लहानथोरांना तोंडपाठ आहे. त्या अभंगात कोथिंबीर, लसूण, मुळा, कांदा यांच्या सोबतीने मिरचीही येते. आपण तो अनेकदा ऐकला असेल, कदाचित गायलाही असेल; पण त्या एका शब्दापाशी अडखळला नसाल. प्रस्तुत लेखात तेथेच थोडे थांबावयाचे आहे.

थांबण्याचे कारण असे की, मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती आहे. कोलंबस त्या खंडाच्या किनाऱ्याजवळील बेटांवर प्रथम पोहोचला तो १४९२ साली, म्हणजे सावतोबांच्या समाधीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. मग त्यांच्या मळ्यात मिरची आली कशी?

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे : ‘मरिच’ हा शब्द आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांमध्ये आहे, ‘मिरची’ हे त्याचेच रूप आहे आणि सावतोबांचा अभंग आपल्यासमोर आहे, त्याअर्थी मिरची भारतात पूर्वीपासूनच होती, ती परदेशातून आली हे म्हणणे खोटे. दुसरे उत्तर याच्या नेमके उलट : मिरची पोर्तुगिजांनी आणली, म्हणून ‘मिरची’ हा शब्दही बटाटा, पाव, काजू यांच्याप्रमाणे पोर्तुगीज, आणि तो ज्यात आला तो अभंग बनावट. ही उत्तरे देणारे एकमेकांचे विरोधक असतात, पण त्यांची चूक एकच आहे. शब्द आणि वस्तू यांचा इतिहास एकच असतो, असे दोघेही गृहीत धरतात. माझे प्रतिपादन असे की, मिरचीचे रोप परदेशी आहे आणि ‘मिरची’ हा शब्द एतद्देशीय आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. शब्दाचा आणि वस्तूचा इतिहास स्वतंत्रपणे तपासल्यावाचून जुन्या वाङ्मयाचे वाचन विश्वासार्ह होत नाही.

१. वस्तूचा इतिहास

वनस्पतिशास्त्रीय दृष्टीने मिरची ही बटाटा, टोमॅटो व वांगे यांच्या कुळातील आहे. काळ्या मिरीशी तिचे कोणतेही नाते नाही. मिरी हा एका वेलीचा फळदाणा. ती वेल मलबार आणि दक्षिण सह्याद्रीच्या दमट रानातील. मिरची हे झुडूप. त्याची लागवड मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत काही हजार वर्षांपासून होत आली आहे. दोहोंत समान गोष्ट एकच : जिभेला लागणारी आग.

कोलंबस निघाला होता तो भारतातील मिरी शोधण्यास. कॅरिबियन बेटांवर त्याला मिरीऐवजी एक तिखट फळ सापडले. तेथील लोक त्याला ‘आही’ म्हणत. ही त्यांची मिरी असून आपल्या मिरीपेक्षा सरस आहे, अशा आशयाची नोंद त्याच्या जानेवारी १४९३ मधील रोजनिशीत आहे. पुढील घटनाक्रम आपणांस परिचित आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, १५०० मध्ये पोर्तुगीज जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात आला. अमेरिका, युरोप, आफ्रिका आणि कोकणपट्टी अशी सागरी साखळी जुळली आणि सोळाव्या शतकात मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली.

तत्पूर्वी आपल्या अन्नाला तिखटपणा येत असे तो मिरी, पिंपळी आणि आले-सुंठ यांमुळे. आयुर्वेदातील ‘त्रिकटु’ म्हणजे सुंठ, मिरी व पिंपळी यांचे त्रिकूट. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या पाकशाळेचे सविस्तर वर्णन आहे. तेथेही तिखटासाठी मरिच आहे. हा ‘मरिच’ म्हणजे मिरी, मिरची नव्हे.

मिरचीने मिरीची जागा इतक्या वेगाने का घेतली, हेही ध्यानात घ्यावे. मिरीची वेल सर्वत्र लागत नाही. देशावरच्या, विदर्भातल्या वा खानदेशातल्या शेतकऱ्याला मिरी विकतच घ्यावी लागे. मिरची मात्र परसात, शेताच्या बांधावर, थोड्या पाण्यावरही येते. वाळवून वर्षभर ठेवता येते. आणि पुढील वर्षाचे बियाणे घरच्याच फळातून मिळते. श्रीमंताच्या स्वयंपाकघरातील तिखटपणा त्यामुळे कोरड्या भाकरीसोबतही आला. आज ब्याडगी, संकेश्वर, भिवापूर ही गावे मिरचीच्या जातींना आपली नावे देऊन बसली आहेत आणि नंदुरबार मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते.

२. शब्दाचा इतिहास

आता शब्दाकडे वळू. संस्कृत ‘मरिच’ शब्दाचे प्राकृतात ‘मिरिअ’ झाले आणि त्यापासून मराठीत ‘मिरे’, ‘मिरी’ ही रूपे सिद्ध झाली. हा प्रवास नियमित आहे. दोन स्वरांच्या मध्ये येणारे क, ग, च, ज, त, द यांसारखे व्यंजन प्राकृतात बहुधा लोप पावते, हा नियम आपण ध्वनिपरिवर्तनाच्या घटकात पाहिला आहे. ‘राजकुल’ या शब्दातील ज आणि क लोपून ‘राऊळ’ झाले, ‘सूची’तील च लोपून ‘सुई’ झाली. त्याच न्यायाने ‘मरिच’मधील च जाऊन ‘मिरे’ झाले. ‘मिरे’ हा तद्भव शब्द होय.

‘मिरची’ या शब्दात मात्र च शाबूत आहे. येथे आपले लक्ष वेधले गेले पाहिजे. हा शब्द प्राकृताच्या जुन्या वाटेने आला असता, तर त्यातील च टिकला नसता. तो टिकला आहे, आणि स्वर मात्र बदलले आहेत. म्हणजे हे रूप ‘मरिच’ या संस्कृत शब्दावरून नंतरच्या काळात घडलेले आहे. अशा शब्दांना आपण अर्धतत्सम म्हणतो. हिंदीतील ‘मिर्च’ आणि गुजरातीतील ‘मरचुं’ ही रूपेही च राखून आहेत. तेव्हा हे रूप एकट्या मराठीचे नाही. शेजारच्या भाषांशी असलेल्या व्यापार-व्यवहाराचाही त्यात वाटा आहे.

थोडक्यात, एकच संस्कृत शब्द मराठीत दोनदा आला : एकदा जुन्या वाटेने, जुन्या वस्तूसाठी, आणि एकदा नव्या वाटेने, नव्या वस्तूसाठी. असेच दुसरे उदाहरण आपल्या नित्य वापरात आहे. ‘सूची’पासून झालेली ‘सुई’ आपण शिवणकामाला वापरतो आणि ‘सूची’ हा तत्सम शब्द ग्रंथाच्या शेवटी छापतो. मूळ एक, अर्थ दोन. हिंदीने ‘मिर्च’ हा एकच शब्द ठेवून ‘काली’ आणि ‘लाल’ अशा विशेषणांनी भेद दाखविला. मराठीने दोन रूपे दोन पदार्थांना वाटून दिली.

हे लक्षात घेऊन सावतोबांच्या मळ्याकडे पुन्हा पाहा. ‘मूलक’पासून ‘मुळा’, ‘लशुन’पासून ‘लसूण’, ‘कंद’पासून ‘कांदा’, ‘कुस्तुंबरी’पासून ‘कोथिंबीर’. ‘पुस्तक’पासून ‘पोथी’ होताना ज्याप्रमाणे ‘स्त’चा ‘थ’ झाला, तोच बदल कोथिंबिरीत दिसतो. हे सारे शब्द प्राकृताच्या मार्गाने चालत आलेले तद्भव आहेत. त्यांच्यात ‘मिरची’ तेवढी वेगळ्या घडणीची आहे. वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवले, तरी केवळ ध्वनिविचाराच्या आधारे हा शब्द त्या ओळीतील इतरांहून अर्वाचीन असावा, अशी शंका घेता येते. भाषा स्वतःच साक्ष देत असते. ती वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

३. इतर भाषांची साक्ष

नव्या तिखट फळाला मिरीचे नाव देणे, ही केवळ मराठीची युक्ती नव्हे. तमिळमध्ये मिरी म्हणजे ‘मिळगु’ आणि मिरची म्हणजे ‘मिळगाय’, अर्थात मिरीसारखे कच्चे फळ. कन्नडमध्ये ‘मेणसु’ आणि ‘मेणसिनकायि’ अशीच जोडी आहे. कोकणीतील ‘मिरसांग’ या शब्दात मिरी आणि सांग, म्हणजे शेंग, असे दोन घटक दिसतात. मल्याळममध्ये तर नव्या पाहुणीने घरच जिंकले : ‘मुळकु’ हे मूळचे मिरीचे नाव आता मिरचीकडे गेले आणि मिरीला ‘कुरुमुळकु’ असे विशेषणासह ओळखावे लागते. बंगालीने निराळी वाट धरली. समुद्रापलीकडून आलेल्या या फळाला तेथे ‘लंका’ म्हणतात.

युरोपातही हेच घडले. स्पॅनिश भाषेत मिरी ‘पिमिएन्ता’, तर मिरची ‘पिमिएन्तो’. इंग्रजीने ‘पेपर’ हा मिरीचा शब्द मिरचीलाही लावला. या ‘पेपर’चे मूळ पाहू लागलो, तर लॅटिन ‘पिपेर’ आणि ग्रीक ‘पेपेरि’ यांमार्गे आपण संस्कृत ‘पिप्पली’पाशी, म्हणजे आपल्या पिंपळीपाशी येऊन पोहोचतो. हीच ‘पिप्पली’ फारसी-अरबीतून पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ‘पिलिपिलि’ झाली, मिरचीचे नाव बनली आणि पोर्तुगिजांच्या तोंडून ‘पिरिपिरि’ होऊन गोव्याच्या स्वयंपाकात ‘पेरी-पेरी’ म्हणून आली. फळ अमेरिकेचे, नाव भारताचे, उच्चार आफ्रिकेचा आणि बाटली गोव्याची! यांपैकी कोणत्या एका देशाच्या नावावर हा शब्द चढवाल?

अमेरिकेतील मूळ नाव टिकले ते इंग्रजी ‘चिली’ या शब्दात. तो मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आला आहे. मात्र ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या प्रसिद्ध कोशाने त्याचा संबंध दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाशी जोडला होता. नामसादृश्यामुळे विद्वान कोशकारांचीही फसगत होते, हा धडा त्यातून घ्यावा. दोन शब्द सारखे ऐकू येतात, एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. तिला ध्वनिनियमांचा आणि इतिहासाचा आधार लागतो.

४. अर्थाची सरमिसळ

मिरचीने आपल्या रुचिवाचक शब्दांवरही ठसा उमटविला. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट. म्हणूनच सुंठ, मिरी, पिंपळी यांना ‘त्रिकटु’ म्हणतात. त्याच ‘कटु’पासून झालेला मराठी ‘कडू’ मात्र कारल्याची चव सांगतो. तिखट चवीसाठी मराठीने ‘तीक्ष्ण’पासून आलेला ‘तिखट’ हा शब्द योजिला. मूळ अर्थ धारदार. पुढे हे विशेषण नामही झाले आणि आज ‘डब्यातले तिखट’ म्हटले की आपल्यासमोर लाल मिरचीची पूड येते. मिरपूड किंवा सुंठ येत नाही. अर्थसंकोचाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

वाक्प्रचारांतही हे दोन थर वेगळे दिसतात. एखादा वरचढ होऊन बसला, तर तो ‘डोक्यावर मिरे वाटतो’. आणि एखाद्याला बोलणे लागले, तर त्याच्या ‘नाकाला मिरच्या झोंबतात’. पहिल्यात जुना मसाला आहे, दुसऱ्यात नवा. पुढे मिरचीच्या जातींना नावे देतानाही लोकांनी परिचित वस्तूच हाताशी घेतल्या : लवंगेएवढी ती लवंगी, भोपळ्यासारखी फुगीर ती भोपळी.

५. मग ‘आपले’ म्हणजे काय?

नवी वस्तू आली की भाषेपुढे दोन मार्ग असतात. वस्तूबरोबर आलेले नाव स्वीकारणे, हा एक. बटाटा, अननस, काजू ही त्याची उदाहरणे. घरातल्या शब्दाला नवे काम देणे, हा दुसरा; मिरचीप्रमाणेच भुईमूग आणि सीताफळ ही त्याची उदाहरणे. यांपैकी भुईमूग दक्षिण अमेरिकेचा आणि सीताफळही अमेरिका खंडाचेच. ‘सीताफळ’ हे नाव ऐकून कोणी ते रामायणकाळापासून दंडकारण्यात होते असे म्हणू लागला, तर आपण त्याला थांबवू. मग ‘मरिच’ या शब्दाच्या आधारे मिरचीला प्राचीन ठरविणाऱ्याला का थांबवू नये?

येथे एक आक्षेप संभवतो. परंपरेने प्रिय मानलेल्या गोष्टी अशा परदेशी ठरवीत गेल्यास आपले म्हणून काय उरेल? आक्षेप मनापासूनचा आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे. एकादशीच्या उपवासाची खिचडी पाहा. तिच्यातील शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, या सर्व वनस्पती अमेरिकेतील आहेत. जुने आहे ते तूप आणि जिरे. तरीही ती खिचडी उपवासाची आहे आणि मराठी घराची आहे. दृष्ट काढताना मीठ-मोहरीसोबत मिरच्या ओवाळल्या जातात. दारावर लिंबू-मिरची टांगली जाते. दुसरीकडे, पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही मिरची आणि बटाटा वर्ज्य आहेत. परंपरा काही ठिकाणी दार बंद ठेवते, काही ठिकाणी उघडते. दोन्ही परंपराच आहेत. एखादी गोष्ट आपली ठरते ती तिच्या वयावरून नव्हे, तर आपण तिला दिलेल्या जागेवरून.

शब्दशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनीही या शब्दाचा विचार करावा. ‘मरिच’ हा शब्द संस्कृतानेही आर्येतर भाषेतून घेतला असावा, असे काही भाषाभ्यासकांचे मत आहे. आणि ज्या प्रदेशात मिरी पिकते तो प्रदेश पाहता ते सयुक्तिक वाटते. म्हणजे ज्याला आपण शुद्ध मूळ समजून थांबतो, तेथेही पूर्वीची एक उसनवारी असू शकते. ‘परभाषीय’ हा शब्दवर्ग अभ्यासाच्या सोयीसाठी आहे. तो नागरिकत्वाचा दाखला नव्हे. बटाटा हा शब्द बाहेरचा आणि मिरची हा घरचा, हे वर्गीकरण आपण अवश्य करावे. पण दोन्ही शब्द सारखेच मराठी आहेत, हे विसरू नये.

समारोप

आता अभंगाकडे परत येऊ. आजच्या अर्थाची मिरची १२९५ पूर्वीच्या मळ्यात असणे शक्य नाही. तेथे ‘मिरची’ म्हणजे मिरी असावी, असे म्हणावे, तर अरणच्या कोरड्या हवामानात मिरीची वेल येत नाही आणि मिरीचा मराठी शब्द ‘मिरे’ हा आहे. तेव्हा दोन शक्यता उरतात : मूळ अभंगाच्या पाठात पुढील काळात हा शब्द आला असेल, किंवा संपूर्ण अभंगच सावतोबांच्या नावे नंतर रचला गेला असेल. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. संतांचे अभंग शतकानुशतके मौखिक परंपरेने चालत आले. गाणाऱ्याने आपल्या मळ्यात जे पाहिले, ते त्याच्या ओठांवर आले. सर्व भाजीपाला विठ्ठल आहे, असे म्हणताना रोज तोडली जाणारी मिरची त्याला बाहेर ठेवता आली नसावी. एका शब्दावरून अभंग बनावट ठरविणे जितके उतावीळपणाचे, तितकेच त्या शब्दावरून वनस्पतीचा इतिहास बदलणेही उतावीळपणाचे आहे.

पाठचिकित्सा म्हणजे अश्रद्धा नव्हे. आपल्या हाती आलेला अभंग एकट्या सावतोबांचा नसून, तो पुढे नेणाऱ्या अनाम वारकऱ्यांचाही आहे, एवढेच ती सांगते. यापुढे जुन्या ग्रंथात एखादी वस्तू दिसली, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : हा शब्द येथे केव्हा आला? आणि ही वस्तू येथे केव्हा आली? दोन्ही उत्तरे जुळली तर उत्तम. न जुळली तर अभ्यासाला खरा प्रारंभ तेथून होतो.

विचार करा आणि लिहा

१. ‘मिरे’ आणि ‘मिरची’ या शब्दांची घडण ध्वनिपरिवर्तनाच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘सूची-सुई’प्रमाणे एकाच मूळ शब्दापासून आलेल्या, पण भिन्न अर्थांच्या आणखी दोन जोड्या कोशाच्या साहाय्याने शोधा.

३. आपल्या परिसरातील एखाद्या पिकाचे वा फळाचे नाव घेऊन शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास स्वतंत्रपणे मांडा. दोहोंत अंतर आढळल्यास त्याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.